वृत्तात बोलणारा खलपुरुष: सहा संध्याकाळची अभिनय कार्यशाळा

देवळाच्या उत्सवातलं नाटक असो की कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतलं, गोव्यात खलपुरुषाच्या कामाला उमेदवार कमी पडत नाहीत. दुर्योधन, कंस, शकार ही कामं नायकापेक्षा रसदार असतात हे प्रत्येक हौशी नटाला ठाऊक आहे. घोडं अडतं ते नाटक पद्यात असलं की. गद्य संवादात भुवई, मिशी आणि चढ्या आवाजावर तीन अंक निभावून नेणारा नट श्लोकापाशी येऊन अडखळतो. पहिल्या दोन ओळींतच आवाज टिपेला पोचतो, पुढे चढायला जागा उरत नाही, घसा बसतो, आणि प्रेक्षकांना शब्द म्हणाल तर एकही कळलेला नसतो.

वृत्तबद्ध नाटकातल्या खलपुरुषाचा धाक त्याच्या ओळीवरच्या ताब्यात असतो. समोरचा माणूस कोलमडतोय, सभा हादरलीय, आणि याची ओळ एका अक्षरानंही ढळत नाही. ठरल्या जागी थांबते, ठरल्या जागी संपते. हा ताबा शिकवता येतो, कानानं तपासताही येतो. पुढची आखणी त्याच्याभोवतीच आहे. गावातलं नाट्यमंडळ, शाळेतले नाटकवेडे शिक्षक किंवा स्पर्धेत उतरणारा संघ, कुणालाही ती वापरता येईल.

माणसं, जागा, सामान

बारा जण घ्यावेत, फार तर चौदा. त्याहून जास्त झाले की प्रत्येकाला उभं राहून ओळ म्हणायला वेळ मिळत नाही आणि कार्यशाळेचं व्याख्यान होतं. सहा संध्याकाळ, रोज साडेसहा ते साडेनऊ. नोकरीधंद्याची माणसं याच वेळी मोकळी असतात. जागा पंचवीस बाय तीस फूट पुरे. देवळाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरायची जागा, चालते, शाळेचा हॉल चालतो, रवींद्र भवनात छोटी खोली मिळाली तर उत्तमच. पावसाळ्यात मात्र पत्र्याचं छप्पर असलेली जागा टाळावी. आषाढातल्या सरीत बारीक आवाजाचं काम अशक्य होतं आणि नट नकळत ओरडायला लागतात. तीच सवय तर मोडायची आहे.

सामान थोडंच: टाळांची एक जोडी, पाच फुटी बांबूच्या बारा काठ्या, दोन जाड गाद्या, पाठीची खुर्ची प्रत्येकी एक, पेन्सिली. आरसा अजिबात नको. आरसा दिसला की खलपुरुष चेहऱ्यात शिरतो आणि कानातून निघून जातो. संहितेची पानं मोठ्या अक्षरात, दोन ओळींत बोटभर जागा सोडून छापावीत, कारण खुणा तिथेच करायच्या आहेत. तबलजी असेल तर त्याला पहिले पाच दिवस सुट्टी द्यावी. चांगल्या तबलजीचा हात मोकळी जागा दिसली की भरतोच, आणि आपल्याला त्या मोकळ्या जागाच तर ऐकायला शिकायचंय.

भरपेट शीतकडी जेवून कुणी येऊ नये. पोट तडस असलं की श्वास वर छातीत अडकतो.

उतारा कोणता घ्यावा

प्रत्येकाला वीस ते चोवीस ओळींचा एकच उतारा. सहा दिवसांत एवढंच नीट होतं. खलपुरुष तीन जातींचे निवडावेत, म्हणजे एकमेकांचं ऐकूनही शिकता येतं.

पहिला, रुबाबाचा. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहारा'तला दुर्योधन. याचा दुसरा अंक जरूर वाचावा. युद्ध पेटलेलं असताना दुर्योधन भानुमतीबरोबर प्रेमात रमलेला दिसतो. जुन्या काव्यशास्त्रकारांनी या प्रसंगाला अस्थानी म्हणून नावं ठेवली, पण नटाला तो सोन्याची खाण आहे. बायकोवर जीव टाकणारा माणूस भर सभेत अन्याय करतो, हे दोन्ही एकाच कुडीत बसवणं हाच अभ्यास.

दुसरा, गोड बोलून गळा कापणारा. शेक्सपिअरचा इयागो किंवा तिसरा रिचर्ड. इयागोला खुद्द ऑथेल्लोपेक्षा जास्त ओळी आहेत, आणि त्यातल्या कितीतरी थेट प्रेक्षकांशी आहेत.

तिसरा, हास्यास्पद आणि म्हणूनच घातक: 'मृच्छकटिका'तला शकार, राजाचा मेहुणा. त्याच्याकडे पुढे स्वतंत्रपणे येऊ.

शेक्सपिअरचा अनुवाद घ्यायचा तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी. मूळ इंग्रजी ओळीत साधारण दहा अक्षरं आणि पाच आघात असतात. मराठी वृत्तं लघु-गुरूवर, म्हणजे आखूड-लांब अक्षरांवर, किंवा मात्रांवर चालतात, आघातावर नाही. त्यामुळे अनुवाद बहुधा गद्यात किंवा मुक्तछंदात मिळतो. मुक्तछंद असेल तर ओळीचा शेवट हीच आपली शिस्त. प्रत्येक ओळीच्या शेवटी पेन्सिलीनं उभी रेघ मारावी, आणि अर्थ पुढच्या ओळीत वाहत असला तरी त्या रेघेची जाणीव आवाजात ठेवावी. गद्य अनुवाद या कार्यशाळेसाठी घेऊच नये.

पहिली संध्याकाळ: गिळलेली अक्षरं

पहिला अर्धा तास आवाज तापवण्याला. ओठांची फुरफुर तीन मिनिटं, बंद तोंडानं गुणगुणणं पाच मिनिटं, मग खालच्या सा पासून पंचमापर्यंत 'मा' वर सावकाश चढउतार. खर्जात गुरगुरायचं नाही. राक्षसी आवाज म्हणून घसा आवळून काढलेली घरघर दोन दिवसांत आवाज बसवते आणि मागच्या रांगेपर्यंत पोचतही नाही. खालच्या पट्टीत, मोकळ्या घशानं, व्यंजनं मात्र धारदार ठेवून बोललेलं वाक्य जास्त भिववतं.

मग वृत्त. सगळ्यांसाठी सरावाचा एकच श्लोक घ्यावा. हा भुजंगप्रयातातला, खास या कामासाठी रचलेला:

मुखी गोड वाणी, मनी वेगळे ते;
सभेला कळेना कुणी चोर येथे.
तुला हात देतो, तुझा घात होतो;
तुझे नाव जाते, मला मान येतो.

ओळीत बारा अक्षरं, आणि चाल एकच: लघु, गुरू, गुरू, असं चारदा. लघूवर टिचकी, गुरूवर टाळी, अशी आधी शब्दांशिवाय चाल बसवावी. पाच मिनिटांत बसते. मग शब्द घालावेत, आणि इथे पहिला घोटाळा होतो. 'मुखी गोड वाणी' ही ओळ आपण रोजच्या बोलण्यासारखी म्हटली की 'गोड'चा ड पाय मोडल्यासारखा उच्चारला जातो आणि 'वेगळे'चं 'वेग्ळे' होतं. बाराची दहा अक्षरं झाली. तिसऱ्या ओळीत 'हात' आणि 'घात' यांचे त असेच जातात. नटाला वाटतं आपण ओळ बरोबर म्हटली. ऐकणाऱ्याला काहीतरी घसरल्याचं जाणवतं, पण बोट ठेवता येत नाही.

मोठ्या वृत्तात हे आणखी उघडं पडतं. शार्दूलविक्रीडिताची ही एक ओळ घ्या:

माझी ही तलवार आज निजली, कोणी न जागी करा

अक्षरं एकोणीस. बोलण्याच्या सवयीनं म्हटली तर 'तलवार'मधला ल आणि र, 'आज'चा ज, 'निजली'तला ज, असे चार स्वर गळून पंधराच उरतात. प्रत्येकानं आपल्या उताऱ्यात अशा गिळल्या जाणाऱ्या अक्षरांखाली टिंब द्यावं. पहिल्या दिवसाचा गृहपाठ एवढाच. उपाय करताना दुसऱ्या टोकाला जाऊ नये. गळणाऱ्या अक्षराला त्याची एक मात्रा द्यायची. 'तलवाराऽ' असा हेल काढला की कीर्तन होतं.

गोव्यातल्या नटांसाठी एक वेगळी खूण हवी. बहुतेकांची घरची भाषा कोकणी, रंगमंचावरची मराठी. बोलताना ही अदलाबदल सहज होते, पण वृत्तात ऱ्हस्व-दीर्घ सैल झालेलं चालत नाही. 'कुणी'चा कु लांबला की लघूचा गुरू झाला, ओळ लंगडली. अडणारे शब्द ज्याचे त्यानं ओळखून वेगळे लिहून ठेवावेत.

दुसरी संध्याकाळ: यती आणि श्वास

शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. शिखरिणीत सहाव्यानंतर, मालिनीत आठव्यानंतर, मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्यानंतर. वरच्या ओळीत तो 'निजली'नंतर येतो. तिथे काय करायचं, यावर ही संध्याकाळ.

सराव असा. दोघांची जोडी समोरासमोर, मध्ये आठ फूट. एक जण ओळ म्हणतो, यतीवर दुसरा टाळ वाजवतो. टाळाचा नाद पूर्ण विरेपर्यंत पुढचं अक्षर काढायचं नाही. नवख्या नटाला ही शांतता झेपत नाही. तो मान हलवतो, गिळतो, हातवारे करतो, किंवा उरलेली सात अक्षरं घाईनं टाकून मोकळा होतो. खलपुरुष मात्र याच जागेचा धनी असतो. 'माझी ही तलवार आज निजली' ही बारा अक्षरं म्हणजे दिलासा. थांबा. समोरच्यानं सुटकेचा श्वास सोडला की 'कोणी न जागी करा'. धमकी शेवटच्या सात अक्षरांत आहे, पण ती तयार होते यतीत. इथे आवाज चढवून बघा, मग उतरवून बघा. उतरवलेला दर वेळी जिंकतो.

श्वासाचा नियम: यतीवर श्वास घ्यायचा नाही, नुसतं थांबायचं. श्वास ओळीच्या शेवटी. शार्दूलविक्रीडिताची अख्खी ओळ सावकाश म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात, तेवढा दम प्रत्येकाकडे असतो. भुजंगप्रयातात दोन ओळी एका दमात जायला हव्यात. यतीवर खांदे उचलून हवा भरली की प्रेक्षकांना दमलेला माणूस दिसतो. दम पुरत नसेल तर खुर्चीवर बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून ओळ म्हणावी. या बैठकीत खांदे उचलता येत नाहीत, श्वास आपोआप पोटात उतरतो. वीस मिनिटं असं करून उभं राहिलं की फरक कळतो.

शेवटचा तास पाठ्याच्या सहा अलंकारांना. नाट्यशास्त्रात बोलण्याच्या सहा तऱ्हा सांगितल्या आहेत: उच्च, दीप्त, मंद्र (खोल), नीच (त्याहून खालचा), द्रुत (जलद) आणि विलंबित (संथ). तोच श्लोक प्रत्येकानं सहा तऱ्हांनी म्हणायचा, वृत्त मात्र जागचं हलता कामा नये. हौशी खलपुरुषांचा सगळा मुक्काम दीप्तात असतो, म्हणजे भांडणातला पेटलेला आवाज. मंद्र आणि विलंबित एकत्र करून पाहिलं की वर्गातच कुणीतरी दचकतं. द्रुताचं खरं काम शकाराला.

तिसरी संध्याकाळ: त्याची बाजू

रिचर्ड किंवा दुर्योधन स्वतःला दुष्ट समजून बोलत नाही असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. रिचर्ड पहिल्याच स्वगतात आपण खल व्हायचं ठरवलंय असं उघड सांगतो. दुर्योधनाला मात्र राज्य आपल्या हक्काचं वाटतं. म्हणून आधी प्रत्येकानं शोधायचं, की आपला माणूस कोणत्या गटातला: हक्क सांगणारा, की मजा घेणारा? हक्क सांगणाऱ्याची ओळ सरळ, जड पावलांनी जाते. मजा घेणारा यतीवर प्रेक्षकांकडे एक नजर टाकतो.

मग कोकणीचा उपयोग करावा. उताऱ्याची प्रत्येक ओळ ज्यानं त्यानं आपल्या घरच्या कोकणीत, समोरच्याला तोंडावर सांगायची. 'तुला हात देतो, तुझा घात होतो' याचं 'तुका हात दितां, आनी तुजोच घात करतां' झालं की ओळीतली मेख नटाला आपसूक कळते: पद्यात तो 'होतो' म्हणतोय, म्हणजे स्वतःकडे दोष घेतच नाही. 'करतां' म्हणणारा कबुली देतो, 'होतो' म्हणणारा अंग झटकतो. एवढं कळल्यावर लगेच मूळ ओळीवर परत यावं, आणि तो 'होतो' अगदी निर्विकार, हवापाण्याची बातमी दिल्यासारखा म्हणावा.

यानंतर प्रत्येक ओळीच्या समासात एकच क्रियापद लिहायचं: तो या ओळीनं समोरच्याला काय करतोय? चुचकारतो, टोचतो, गोंधळवतो, विकत घेतो. 'रागावतो' किंवा 'क्रूरपणे वागतो' असलं लिहिलं तर खोडावं, ती अवस्था झाली, कृती नव्हे. चोवीस ओळींत निदान सात-आठ वेगळी क्रियापदं हवीत. एकच क्रियापद बारा ओळी चाललं असेल तर नट तिथेच ओरडणार, आताच हेरून ठेवा.

गद्यातून पद्यात जाण्याची जागाही याच दिवशी खुणावी. संस्कृत नाटकात पात्रं गद्यात बोलता बोलता श्लोकावर येतात. इयागोसुद्धा रॉडेरिगोशी गद्यात गप्पा छाटतो, आणि तो निघून गेल्याबरोबर एकटाच पद्यात बोलू लागतो. त्या क्षणी मुखवटा उतरतो की चढतो, हे दिग्दर्शक आणि नटानं मिळून ठरवावं. न ठरवता गेलं तर श्लोक नुसता 'आला म्हणून म्हटला' असा वाटतो.

चौथी संध्याकाळ: काठी, पाऊल, नजर आणि हसणं

काठी दोन्ही हातांत आडवी, बेंबीच्या उंचीला धरून ओळ म्हणत चालायचं. काठीचं टोक वरखाली झालं की ओळ पहिल्यापासून. अर्ध्या तासात सगळ्यांचे फुकटचे हातवारे गळून पडतात. मग काठी ठेवून तीच स्थिरता राखायची. पुढचा नियम थोडा जाचक आहे पण पाळावा: एका श्लोकात हाताची एकच हालचाल, आणि तीसुद्धा यतीवर किंवा ओळ संपल्यावर, शब्दाच्या डोक्यावर नाही.

नजरेचे छत्तीस प्रकार नाट्यशास्त्रात आहेत, ते सहा दिवसांत होत नाहीत आणि त्यांच्या नादाला लागूही नये. दोन पुरेत. एक, समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत न बघता भुवयांच्या मध्ये बघणं. माणूस अस्वस्थ होतो, कारण आपण दिसतोय की नाही हे त्याला कळत नाही. दुसरी, बोलणं संपल्यावरही नजर न काढणं, मनातल्या मनात तीन आकड्यांपर्यंत. पापण्या कमी लवाव्यात, पण डोळे वटारू नयेत. वटारलेले डोळे प्रकाशात पांढरे चमकतात आणि पोरं हसतात.

हास्य. खलपुरुषाचं गडगडाटी हास्य हा गोव्यातल्या उत्सवी नाटकाचा जुना लाडका प्रकार, त्याला एकदम हद्दपार करायचं कारण नाही. नीट शिकवावं. आधी आवाज न करता पोटानं 'ह'चे छोटे झटके, दहा-दहाचे तीन फेरे. मग त्यात आवाज, मधल्या पट्टीत. मग झटके असमान करायचे, दोन जवळ, एक लांब, कारण सारख्या अंतराचं हसू लगेच खोटं वाटतं. शेवटी, हसू अर्ध्यावर तोडून लगेच ओळ सुरू करायची, मध्ये श्वास न घेता. चक्कर आल्यासारखं झालं तर बसावं, पाणी प्यावं. आणि अख्ख्या नाटकात हे हास्य एकदा. दुसऱ्यांदा आलं की पहिल्याची किंमतही जाते.

रिचर्डचं व्यंग हा नाजूक विषय. कुबड आणि लंगडणं म्हणजेच दुष्टपणा असा खेळ करू नये. आपल्यातही लंगडा शकुनी अशाच आयत्या सवयीनं उभा केला जातो. शरीराची अडचण दाखवायची तर एकच खूण धरावी आणि तिच्यामुळे त्या माणसाला प्रत्यक्ष काय जड जातं, जिना, घोडा, तलवार, एवढंच दाखवावं.

पाचवी संध्याकाळ: प्रेक्षकांना सामील करणं, आणि शकार

संस्कृत परंपरेत कुणाला काय ऐकू जातं याचे ठरीव प्रकार आहेत. स्वगत फक्त प्रेक्षकांना. जनांतिक म्हणजे बाकीच्यांना वगळून दोघांतलं बोलणं, त्यासाठी त्रिपताक हात आड धरतात: अनामिका वाकवलेली, बाकीची बोटं सरळ. अपवारित म्हणजे तोंड फिरवून एकालाच सांगितलेलं गुपित. हे तिन्ही शेक्सपिअरच्या नाटकालाही बिनदिक्कत लावता येतात. सराव: एकच ओळ तिन्ही तऱ्हांनी, आणि बाकीच्यांनी ती कुणासाठी होती ते ओळखायचं.

स्वगताला नवखे नट आढ्याकडे बघून बोलतात. त्यांना सभागृहातल्या तीन जागा द्याव्यात: डावीकडची तिसरी रांग, मधली मागची, उजवीकडचा खांब. अर्थ वळला की जागा बदलायची. खलपुरुषाचं स्वगत म्हणजे प्रेक्षकांना कटात ओढणं. ते हसले की फसले. दशावतारातला, आणि आपल्याकडच्या काल्यातला, म्हणजे देवळातल्या उत्सवी खेळातला, संकासुर हेच करतो. काळा पोशाख, लोंबणारी लाल जीभ, वेद चोरून आलेला, आणि सगळा मंडप त्याच्या चेष्टेवर लोटपोट. पेडण्या-डिचोलीकडच्या नटांना ही गोष्ट लहानपणापासून अंगात भिनलेली असते. फक्त संकासुर आयत्या वेळी रचून बोलतो, इथे ओळ बांधलेली आहे. मोकळीक नजरेत घ्यावी, शब्दांत घेऊ नये.

आता शकार. मूळ नाटकात तो 'स'च्या जागी 'श' म्हणतो. त्याची प्राकृतच त्यामुळे शकारी म्हणून ओळखली जाते. पुराणातल्या गोष्टींची तो बिनधास्त खिचडी करतो: रावणाच्या तावडीत सापडलेल्या कुंतीसारखी तू माझ्या तावडीत सापडलीस, हनुमानानं सुभद्रेला नेली तशी तुला नेतो. प्रेक्षक खदाखदा हसतात. आठव्या अंकात हाच माणूस बागेत नाटकाच्या नायिकेचा, वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असं समजून वाळक्या पानांखाली टाकतो आणि आळ नायक चारुदत्तावर घेतो. नटानं पहिल्या अंकातच नुसतं विदूषकी केलं तर आठवा अंक उभा राहत नाही. म्हणून चुका ठासून, पूर्ण आत्मविश्वासानं करायच्या. शकाराला आपण विद्वान आहोत याची बालंबाल खात्री असते, आणि त्याला दुरुस्त करायची छाती कुणाची नसते, कारण बहीण राजाकडे आहे. त्याचं खरं भय तिथे आहे.

सरावाचा श्लोक शकारी करून म्हणा: 'शभेला कळेना'. वृत्त हलत नाही, कारण स काय श काय, लघु तो लघूच. मात्र हे तोतरेपणाच्या नकलेवर जाऊ देऊ नका. 'श' लाडावलेला, जिभेवर लोळवलेला हवा. आणि माईक असेल तर तो तोंडासमोर नको, गालाशी तिरका. साध्या माईकवर पन्नास शकारी 'श' म्हणजे मागे कुणी स्टोव्ह पेटवल्यासारखी शिट्टी.

सहावी संध्याकाळ: गळा दाबणं, आणि मंडपातला प्रयोग

रंगमंचावरची हिंसा शेवटच्या दिवशी, पण उरकून टाकायची नाही. पूर्ण एक तास द्यावा. गळा दाबण्याच्या प्रसंगात सगळी सूत्रं 'मरणाऱ्या' नटीच्या हातात असतात. आधी तिनं कुठे हात लावलेला चालेल ते स्वतः सांगायचं. शकार कोपरं वाकवून उभा राहतो, तळवे तिच्या गळ्याखालच्या हाडावर नुसते टेकवतो. अंगठे बाहेर, घशावर काहीही नाही. ती त्याची मनगटं पकडून आपल्याकडे ओढते, तो हलकेच स्वतःकडे खेचतो. प्रेक्षकांना तो दाबतोय असं दिसतं, प्रत्यक्षात जोर गळ्यापासून दूर जातो. हलायचं कधी, गुडघे मोडायचे कधी, आवाज कधी थांबवायचा, हे ती ठरवते. मनगटावर दोन थापा म्हणजे ताबडतोब सोड. एकंदर आठ आकडे, त्याहून लांबवू नये. आधी पावपट वेगानं, मग अर्ध्या, मग पाऊणपट. प्रयोगातही पाऊणपटच. पडताना आधी नितंब, मग बाजू, मग खांदा, डोकं सर्वांत शेवटी. गाद्या त्यासाठी आहेत. प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी अर्धा तास हा प्रसंग दोघांनी एकदा करून बघायचाच, कितवाही प्रयोग असो. आणि या वेळी वृत्त सोडायचं नाही. श्लोक संपल्यावर हात उचलायचे, श्लोक म्हणता म्हणता नाही. दोन्ही एकदम केलं की शब्दही जातात आणि हातावरचा ताबाही.

उरलेल्या वेळात मंडपाची तयारी. देवळाच्या सभामंडपात फरशी आणि दगडी खांबांमुळे आवाज घुमतो. तिथे वेग एक पायरी खाली आणावा आणि यती थोडी लांबवावी, म्हणजे घुमारा विरतो. वर टांगलेले माईक असतील तर त्यांच्या थेट खाली उभं न राहता दोन पावलं मागे. प्रॉम्प्टरला वेगळं बसवून समजावावं. गद्यात तो वाक्य पुरवतो ते चालतं, पद्यात अख्खी ओळ पुरवली तर नट भलत्याच जागी थांबतो आणि श्लोक दोन तुकडे होऊन पडतो. ओळीची पहिली तीन अक्षरं, तीसुद्धा आधीची ओळ संपता संपता, एवढंच द्यावं. तबलजी आता परत येऊ दे, पण यतीवर हात वर.

रंगभूषेबद्दल थोडक्यात: भुवया जाड आणि वर वळवलेल्या काढल्या की चेहरा तीन तास एकच भाव धरून बसतो. रंगभूषाकाराला भुवया नटाच्याच ठेवायला सांगा, रेघ फक्त डोळ्यांना.

शेवटी प्रत्येकाचा उतारा, दोन वेळा. पहिल्यांदा बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि तीनच प्रश्नांची उत्तरं लिहायची: कुठे शब्द कळला नाही, कुठे ओळ घसरली, कुठे भीती वाटली. दुसऱ्यांदा डोळे उघडून, आणि भीतीची जागा तीच राहिली का ते पाहायचं. डोळे उघडल्यावर ती नाहीशी झाली असेल तर चेहरा काहीतरी जास्तीचं करतोय. शब्द न कळल्याची जागा तीन-चार जणांनी एकच लिहिली असेल तर तिथे पहिल्या दिवसाचं टिंब राहून गेलंय, पान काढून बघा.

तालमी सुरू झाल्यावर रोज दहा मिनिटं पुरतात: उतारा एकदा नुसत्या टिचकी-टाळीवर, एकदा कुजबुजत, एकदा पूर्ण आवाजात. कुजबुजताना जे अक्षर ऐकू येत नाही, ते मंडपात मागच्या बाकावरही पोचणार नाही.